सातवी ‘ई’चा बाप

नंदुरबारात माणूस हरवत नाही. मंगळ बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत उभं राहिलं, तरी मागून आवाज येतो, “तुम्ही स्टेशन रोडच्या आप्पांचे जावई ना?” आपण कुणाचे भाचे, कुणाचे साडू, कुणाच्या मिरचीच्या पथारीवर आपले काका हिशेब लिहायचे, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं. अशा गावात माझी ओळख पुसून टाकणं एकाच ठिकाणी जमलं, ते म्हणजे माझ्या मुलाच्या शाळेत. फाटकातून आत पाऊल टाकलं की मी कुणाचा जावई नाही, भाचा नाही. मी ‘सातवी ई’.

शाळेचं नाव सांगत नाही. अनुदानित आहे, पाचवी ते दहावी आहे, दोन पाळ्यांत भरते आणि मधली सुट्टी झाली की शेजारच्या गल्लीतले दुकानदार फोनवर बोलायचं थांबवतात, एवढी खूण पुरे. गावात अशा खुणेच्या शाळा एकाहून जास्त आहेत. त्यामुळे हा लेख दुसऱ्या शाळेबद्दल आहे, असं प्रत्येक मुख्याध्यापकांना समाधानाने म्हणता येईल.

सातवीच्या तुकड्या ‘अ’पासून ‘फ’पर्यंत. ‘अ’मध्ये हुशार मुलं असतात, असं ‘अ’चे पालक सांगतात. बाकीचे पालक सांगतात की हल्ली तसं काही नसतं, सगळ्या तुकड्या सारख्याच. ‘ई’चे पालक तर हे फार ठामपणे सांगतात. आमच्या तुकडीत वळवी म्हणून हाक मारली की निम्मा बाक उठतो, पाडवी म्हटलं की उरलेला. आणि ओम पाटील म्हटलं की तीन मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात.

‘ओम’ हे नाव ठेवताना आम्ही बरीच पुस्तकं चाळली होती. नाव छोटं हवं, जोडाक्षर नको, देवाचं हवं आणि चारचौघांत वेगळं उठून दिसावं. त्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्याच पाटलांनी तीच पुस्तकं चाळली असावीत. कॅटलॉगमध्ये तिघांची नावं वडिलांच्या नावावरून वेगळी केलेली आहेत, पण वर्गात एवढा वेळ कुणाला? तिथे एक ओम मोठा, एक ओम चष्मा आणि एक ओम टाकी. आमचा तिसरा. ‘टाकी’ का, हे मी त्याला विचारलं होतं. “असंच म्हणतात,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी न सांगता अभ्यासाला बसला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दिवाळीनंतर पालक सभा झाली. सभा साडेदहाची होती, म्हणजे साडेदहाला शिपाईदादा सतरंजीच्या शोधात निघाले. सरांसमोर रांग होती. माझा नंबर आल्यावर मी म्हटलं, “ओम पाटीलचे वडील.”

सरांचा चेहरा उजळला. “या, या, बसा! काय मुलगा आहे तुमचा! वर्गात आवाज नाही त्याचा. अक्षर मोत्यासारखं. गणितात तर विचारूच नका.”

मी विचारलं नाही. असल्या वेळी आपण काही विचारू नये. मान थोडी खाली घालून मी म्हणालो, “घरात थोडी शिस्त आहे, इतकंच.”

मागे उभ्या असलेल्या एका ताईंनी हळूच विचारलं, “क्लास कुठला लावलाय?”

“क्लास नाही हो. संस्कार.”

मग माझ्याभोवती चार-पाच पालक गोळा झाले. मी त्यांना पहाटे उठण्याचे फायदे सांगितले, कळण्याच्या भाकरीचा बुद्धीशी असलेला संबंध सांगितला, मोबाइल मुलांच्या हातात देऊच नये हे तर दोनदा सांगितलं. आमचे चिरंजीव त्या वेळी घरी माझाच जुना मोबाइल चार्जिंगला लावून त्यावर खेळत होते, हे मला माहीत होतं. पण बोलण्याचा ओघ असा होता की ती गोष्ट कुठे आड आली नाही. एका गृहस्थांनी माझा नंबर घेतला.

प्रगतिपुस्तक मी घरी मिरवत आणलं. ओमच्या आईने ते हातात घेतलं आणि माझ्यासारखं गुणांकडे न बघता वरून वाचायला सुरुवात केली.

“उंची एकशे एकसष्ट? आपला ओम माझ्या खांद्याला लागतो.”

“वाढीचं वय आहे.”

“सकाळपासून?”

पुढे हजेरी होती. एकही दिवस गैरहजर नाही. गणपतीत पोरगा तापाने फणफणला होता, आठवडाभर शाळा बुडाली होती. मी म्हटलं, सरांनी सांभाळून घेतलं असेल. मग ती वर्णनात्मक नोंदींवर आली. या नोंदी म्हणजे प्रगतिपुस्तकातलं ललित साहित्य. आवड किंवा छंद : अवांतर वाचन. इथे तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. विशेष प्रगती : शांत व संयमी स्वभाव. इथे तिने प्रगतिपुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवलं.

“हे आपलं नाही.”

आतल्या खोलीतून ओमचा आवाज आला, “पप्पा, ते चष्म्याचं आहे. मी सांगणार होतो. पण तुम्ही खूप खूश होते.”

आता बदलून आणायचं कसं? वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर विचारावं. पण त्या ग्रुपवर फक्त सरांना लिहिता येतं. आम्हाला फक्त अंगठा दाखवता येतो, तो आम्ही दाखवतो. सर रात्री सव्वादहाला लिहितात, “उद्या प्रत्येकाने पाच प्रकारच्या मातीचे नमुने आणावेत,” आणि खाली साठ अंगठे उमटतात. त्यानंतर साठ बाप टॉर्च घेऊन बाहेर पडतात. एकदा रेल्वे रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत काळी माती उकरताना मला ‘क’ तुकडीचा एक बाप भेटला. दोघांनाही काही बोलायचं नव्हतं. त्याने मला मुरूम दिला, मी त्याला गाळाची माती दिली.

म्हणून पालकांनी दुसरा ग्रुप काढला. ‘७ ई पालक, सरांशिवाय’ असं त्याचं सरळ नाव आहे. तिथे मोकळेपणाने चर्चा होते. सर गृहपाठ तपासतात का, सर अक्षरावर लक्ष देतात का, सरांची बदली होणार आहे का. मातीच्या रात्री तर तिथे बरंच काही लिहिलं गेलं. परवा सहज सदस्यांची यादी चाळली, तर त्यात सर होते. कुणीतरी त्यांना जूनमध्येच घातलं होतं. इतके महिने ते सगळं वाचत होते आणि एका शब्दाने बोलले नव्हते. शांत व संयमी स्वभाव म्हणतात तो असा. आता त्या ग्रुपवर फक्त सुविचार येतात.

सरांचा तरी दोष काय? त्यांना शाळेच्या माहितीचं यू-डायस भरायचं असतं, पोर्टलवर मुलं टाकायची असतात, आहाराची संख्या रोज कळवायची असते, निवडणूक आली की मतदार याद्या. सभेत एकाने विचारलं, “मग सर, शिकवता कधी?” सरांनी फळ्याकडे पाहिलं, शाळेतला जुना वर्गमित्र बऱ्याच वर्षांनी रस्त्यात दिसावा तसं.

त्यातच ‘अपार’ आलं. देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायमचा क्रमांक, आणि त्यासाठी पालकांचं संमतिपत्र. संमती द्यायला आम्ही केव्हाही तयार असतो. पण शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. शाळेच्या दफ्तरात ओम इंग्रजीत दोन अक्षरांचा, आधारवर तीन अक्षरांचा. ते तिसरं अक्षर कुठून आलं, हे कार्ड काढणाऱ्यालाही आठवत नव्हतं.

आता आमचा जिल्हा म्हणजे आधारचं माहेर. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. आधारमधली चूक दुरुस्त करण्याच्या रांगेचा मानही पहिला आमचाच असणार, असा माझा अंदाज आहे, आणि त्या दिवशी ती रांग बघून तो पक्का झाला. केंद्रावाला म्हणाला, जन्माचा दाखला आणा. दाखल्याच्या खिडकीवर म्हणाले, शाळेचं बोनाफाईड आणा. शाळेतले क्लार्क म्हणाले, “देतो की. फक्त आधारवर नाव तेवढं दुरुस्त करून आणा.” पोराने विचारलं, “पप्पा, तीन अक्षरांचा ओम पाटील नापास झाला तर मी पास ना?”

बरं, कागदांचा हा काही पहिला हंगाम नाही. ओम पाचवीत असताना, २०२४च्या सुरुवातीला, ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं होतं. मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून मुलाने पालकांसोबत सेल्फी काढायचा आणि चढवायचा. घरात लग्नाच्या फोटोनंतर एवढी तयारी झाली नव्हती. हिने साडी बदलली, मी दाढी केली, आजोबा टोपी घालून ऐनवेळी चौकटीत शिरले. फोटो झकास आला. पत्र उलटं धरलं होतं.

त्याच सुमारास बालभारतीच्या पुस्तकांत धड्यामागे कोरी पानं आली होती. मुलांनी त्यांवर नोंदी कराव्यात, म्हणजे दप्तर हलकं होईल, असा विचार होता. ओमने नोंदी केल्या. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात त्याने गल्लीतल्या सामन्यांचा संपूर्ण धावफलक नोंदवला, पंचांच्या चुकांसह. पुढे २०२५मध्ये ती पानं बंद झाली. शासनाला तो धावफलक दिसला की काय, कळायला मार्ग नाही.

मधल्या सुट्टीतल्या आहाराचा विषय मात्र शाळेत काढू नये. शासनाने २०२४ साली पंधरा पाककृतींची यादी केली. मसालेभात, मटार पुलाव, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, मोड आलेल्या मटकीची उसळ. ओम रोज डब्यातली पोळी-भाजी तशीच परत आणतो. “आज काय होतं?” विचारलं की म्हणतो, “खिचडी.” “काल?” “खिचडी. पण काल तिचं नाव पुलाव होतं.” तक्रार असेल म्हणून मी सभेत हात वर केला, तर पोरगं घरी येऊन माझ्यावरच उखडलं. तीन वेळा वाढून घेतो म्हणे, आणि आहाराच्या मावशींना ‘टाकीला अजून एक पळी’ हे सांगावं लागत नाही. थंडीत वारा मिरचीच्या पथारींकडून आला की खिचडीला आणखी चव येते, असं त्याचं मत आहे. त्या दिवसांत परिपाठाला अख्खी शाळा एका सुरात प्रतिज्ञा म्हणते आणि एका सुरात ठसकते.

आता पालकांच्या प्रतिभेबद्दल थोडं. ९ सप्टेंबर हा आमच्या गावचा मोठा दिवस. १९४२ साली याच तारखेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तिरंगा हातात घेऊन पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. एवढा पराक्रम ज्या गावात घडला, त्या गावातल्या बापांनी आदल्या रात्री मोबाइलवरून भाषण उतरवून दिलं. सगळ्यांनी एकच. पहिल्या मुलाला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला थोड्या कमी. चौथ्याच्या वेळी परीक्षक ओठ हलवून त्याच्याबरोबर म्हणू लागले. सहाव्या मुलाने शेवटचा परिच्छेद आवाज चढवून, मूठ वर करून संपवला : “आणि मित्रहो, अशाच नवनवीन भाषणांसाठी आम्हाला फॉलो करा!” त्याचे वडील माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, “माझा नाही.” बक्षीस त्या एका मुलीला मिळालं, जिचे वडील स्पर्धेच्या आठवड्यात ऊसतोडीच्या कामाची बोलणी करायला गुजरातेत गेले होते आणि जिला आपलं भाषण आपणच लिहावं लागलं होतं.

शाळा सुटतानाचं फाटक हा वेगळा विषय आहे. एकच सांगतो. रस्ता सुरक्षा सप्ताहात पोरांना तक्ते करायचे होते. ‘हेल्मेट वापरा’चा तक्ता एक गृहस्थ उलट्या बाजूने, मोटरसायकलवर तिघांना बसवून, वेळेत पोहोचावा म्हणून सुसाट घेऊन आले. तक्ता सगळ्यात मागच्या पोराने डोक्यावर धरला होता.

प्रगतिपुस्तक बदलायला शेवटी मी एका सकाळी शाळेत गेलो. सर प्रशिक्षणाला गेले होते. सातवी ‘ई’ चित्रकलेच्या खोलीत होती, चित्रकला ग्रंथालयात होती आणि ग्रंथालय कपाटात होतं. व्हरांड्यात शिपाईदादा भेटले. म्हणाले, “कोन पाहिजे?”

“ओम पाटीलचे वडील.”

“कोनता ओम?”

मी जरा चाचरत म्हटलं, “टाकी.”

शिपाईदादा खुर्चीवरून उठलेच. “तो का? टाकीवर चढेल व्हता तो? आरे बापरे, त्याले कोन नही वळखत!” मग त्यांनी मला सगळा प्रसंग हातवारे करून सांगितला. चेंडू गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर गेला होता. ओम पाइप धरून वर चढला. खाली सगळी शाळा उभी. पर्यवेक्षक ओरडून ओरडून दमले. हा वरून शांतपणे म्हणाला, “सर, झाकण फुटलंय. आत कबूतर आहे.” त्या दिवसापासून पोरांना बाटल्या घरून भरून आणायला लावल्या होत्या आणि आठवड्यात नवीन झाकण आलं.

“मग मला बोलावलं का नाही?”

“बोलावं ना! नोटीस दिधी. तुमनी सही शे त्यावर.”

त्यांनी फाइल काढून दाखवली. सही होती. माझीच, पण माझ्याहून वळणदार. सभेत अक्षराचं कौतुक झालं होतं, ते अगदीच चुकीच्या मुलाचं नव्हतं तर.

सर येईपर्यंत बाकावर बसलो. शेजारी धडगावकडून पहाटेच्या एसटीने आलेले एक बाबा होते. त्यांची मुलगी आमच्याच तुकडीत, इथल्या वसतिगृहात राहते. सर आले, त्यांनी आधी तिला बोलावलं. सर म्हणाले, “वर्गात सारखी बोलत असते. गृहपाठ अर्धवट. गणितात लक्ष नाही. भाषा मात्र चांगली आहे.” मुलीने वडिलांना ते पावरी बोलीत सांगितलं. सरांची चार वाक्यं होती, तिची चांगली दहा-बारा झाली. सांगता सांगता तिचा चेहरा फुलत गेला, बाबांचाही फुलला. त्यांनी सरांना हात जोडले. सरांनाही बरं वाटलं. कडक बोलूनही पालक इतका आनंदी होतो, हा अनुभव त्यांना नवा असावा.

मुलगी वर्गात गेल्यावर माझ्यातला जाणता पालक जागा झाला. मी म्हटलं, “भाऊ, पोरगी हुशार आहे तुमची. पण सर जे म्हणाले ना, ते अगदी तसं नव्हतं बरं का.”

“माहीत आहे,” ते शुद्ध मराठीत म्हणाले. “बारावी शहाद्यालाच झाली माझी. ती काय सांगते ते ऐकायचं होतं. बोलते फार, हे तिने हसत सांगितलं. गृहपाठाचं पण थोडं फिरवून सांगितलं. गणिताचं नावच काढलं नाही. म्हणजे गणितच नडतंय. मामाकडे बोलतो, तो शिकवेल.” मग माझ्या हातातल्या प्रगतिपुस्तकाकडे पाहून त्यांनी विचारलं, “तुमचा कसा आहे?”

मी ते उलटं करून मांडीवर ठेवलं.

सरांकडे चष्म्याच्या ओमचे पालक प्रगतिपुस्तक बदलायला अजून आलेच नव्हते म्हणे. म्हणजे आमच्या ओमचं प्रगतिपुस्तक घेऊन ते कधीच घरी गेले असणार, आणि बहुधा त्या दिवसापासून त्यांच्या घरी कुणी कुणाशी बोलत नसेल. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही आणि पालकांच्या ग्रुपवर हे लिहायची सोय उरलेली नाही. म्हणून इथेच लिहितो. सातवी ‘ई’मधल्या ओम पाटील (चष्मा) याच्या आई-वडिलांना विनंती आहे की, त्याचं प्रगतिपुस्तक आमच्याकडे सुखरूप आहे, कधीही येऊन घेऊन जावं. आमचं परत करण्याची काही घाई नाही.